बाबांच्या आवाजावरची चटई

सोमवार, ४ मार्च

हेइलालाने ऑकलंडहून पाठवलेला प्रोग्राम आज एकदाचा कम्प्युटरवर चढला. सकाळी आठला उतरवायला घेतला तो चार वाजता उतरला. मुलगी फोनवर म्हणाली, "पप्पा, हा आवाज धुतो. कचरा वेगळा, माणसं वेगळी करतो. तुम्ही फक्त बटण दाबायचं आणि हात जोडून बसायचं." बटण दाबायला बेचाळीस वर्षं गणित शिकवलेला माणूस पुरेसा आहे, असं तिला वाटतं हेच खूप.

धुवायची आहे बाबांची कॅसेट. चर्चच्या गायनमंडळाला बाबांनी बसवलेलं चार आवाजांचं गाणं तिच्यात आहे. रेकॉर्ड केलं त्या दिवशी पत्र्यावर धो धो पाऊस पडत होता, त्यामुळे ऐकू येतो तो पाऊस आणि पावसाच्या पलीकडे कुठेतरी चाळीस माणसं. आमच्याकडे सूर आकड्यांत लिहितात; बाबांची ती आकड्यांची वही वादळात समुद्राने नेली. ती असती तर फळ्यावर तीन ते नऊ आकडे मांडले असते आणि गाव दोन दिवसांत गायला लागलं असतं. त्या चाळिसांपैकी आज बेटावर आम्ही दोघंच उरलो आहोत, मी आणि तोआकासे आत्या. आत्याला वरच्या पट्टीची ओळ पाठ आहे. मला माझी धड आठवत नाही. बाकी दोन ओळी त्या पावसात आहेत.

आत्या एकोणतीस तारखेच्या विमानाने जाणार. दोन्ही मूत्रपिंडं थकली, आठवड्यातून तीनदा रक्त धुवायला लागणार, ते यंत्र आमच्या बेटावर नाही. ऑकलंडला तिचा मुलगा आहे. त्या यंत्रासाठी गेलेलं माणूस परत येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही. तिने एकच मागितलं आहे. जाण्याआधी भावाचं गाणं चारही आवाजांत चर्चमध्ये ऐकायचं.

कॅसेट कम्प्युटरवर उतरवून घेतली आणि प्रोग्राम वीस मिनिटं चालवून पाहिला. शंभरातले चौदा झाले. पूर्ण धुलाईला अडीच तास लागतील असा हिशेब निघतो. प्रार्थनेची घंटा झाली म्हणून बंद केला. अर्धवट काम तो ठेवत नाही, पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. उद्या होऊन जाईल.

मंगळवार, ५ मार्च

आत्या सकाळीच आली. मी उत्साहाने सांगितलं, "आत्या, कम्प्युटरच्या या डब्यात आता बाबांचा आवाज आहे." ती डब्याकडे बघत राहिली. मग घरी गेली आणि चटई घेऊन आली. साधी नव्हे, बाबांच्या अंत्यविधीत बहीण म्हणून मानाने तिच्याकडे गेलेली, रेशमासारखी बारीक विणीची. एकोणीस वर्षं तिने ती पेटीतून काढली नव्हती. तिने ती डब्याला वरून, मागून, दोन्ही बाजूंनी नीट लपेटली, बाळंतिणीला गुंडाळतात तशी.

"मोठ्या भावाला उघडं ठेवतात का?" म्हणाली.

माझ्या बायकोच्या, लोसालिनेच्या, डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असतं, पण मला बटण दाबायचं होतं. पुढचा कोपरा थोडा उचलून दाबलं.

अकराव्या मिनिटाला खिडकी पांढरी पडली आणि प्रोग्राम बंद झाला. 'अनपेक्षित अडचण' असं लिहून आलं. पुन्हा लावला. दहा मिनिटं. पुन्हा लावला. नऊ.

गुरुवार, ७ मार्च

प्रोग्राम काढून टाकला, पुन्हा चढवला. एक दिवस त्यात गेला. हेइलालाला फोन केला.

"पप्पा, बाकीचं सगळं बंद केलं होतं ना?"

"फ्रिजसुद्धा बंद केला."

"फ्रिज नाही हो! कम्प्युटरवरचं बाकी सगळं."

फ्रिज बंद ठेवल्यामुळे लोसालिनेची मासळी गेली. रात्रीच्या जेवणाला तिने नुसता उकडलेला तारोचा कंद मांडला, त्यात तिचं सगळं बोलणं आलं.

बारा मिनिटं. नंतर अकरा. डब्यावर हात ठेवून पाहिला तर चटईतूनसुद्धा छान ऊबदार लागला. आत बाबांचा आवाज आहे म्हटल्यावर त्या उबेने जरा बरंच वाटलं.

शनिवार, ९ मार्च

आज जवळजवळ जिंकलो होतो.

शनिवार म्हणून गावभर चटया उन्हात पडल्या होत्या. आत्याने बाबांचीही नेली, ऊन दाखवून संध्याकाळी परत आणते म्हणाली. मी दुपारी एकला प्रोग्राम लावला आणि त्याच्यासमोर हलायचं नाही असं ठरवून बसलो. अर्धा तास झाला. तास झाला. शंभरातले पन्नास, साठ. लोसालिने ओरडू नका म्हणाली, मी ओरडत नव्हतो, मोजत होतो. एक तास पन्नास मिनिटं! त्र्याहत्तरवर होता आणि वीज गेली.

बंदरात जहाज आलं की शीतगृह सुरू होतं आणि आमची वीज जाते. पाच वाजता आली. तोवर चटईही परत आली होती. आत्याने ती पुन्हा डब्याला नीट गुंडाळली. लगेच लावला. आठ मिनिटं.

रोग सापडला असं आज खात्रीने लिहितो. वीज जाऊन आली की यंत्राच्या पोटात काहीतरी बिघडतं.

रविवार, १० मार्च

आज यंत्राला हात नाही. रविवारी आमच्याकडे कोणी विहिरीतून पाणीसुद्धा काढत नाही. तरी चर्चनंतर पाद्रीसाहेबांना हळूच विचारलं की शनिवारी बटण दाबून ठेवलं आणि यंत्रानेच रविवारी काम केलं, तर पाप कोणाचं?

"यंत्राचं नाही, त्याला आत्मा नाही," म्हणाले. "पण सायमोने, तू दिवसभर त्याच्याकडे बघत बसणार. म्हणजे उपदेश कोण ऐकणार?"

आत्या मागच्या बाकावरून म्हणाली, "उपदेश तो तसाही ऐकत नाही." सगळे हसले. पाद्रीसाहेब सगळ्यांत जास्त.

बुधवार, १३ मार्च

फेहोकोला बोलावलं. तो बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, फ्रिज करतो, एकदा त्याने चर्चचं ऑर्गन दुरुस्त केलं होतं, तेव्हापासून त्याचा एक सूर बोटीसारखा लागतो. तो येणार म्हणून आत्याला आधी निरोप धाडला. तिने स्वतःच्या हाताने चटई सोडवली आणि मांडीवर घेऊन बसली. दुसरं कोणी ती सोडवण्याचा प्रश्नच नव्हता.

फेहोकोने डबा उघडला. आतून धुळीचा गोळा आणि एक वाळलेली पाल निघाली. त्याने पाल शेपटीला धरून उंच केली.

"हा बघा तुमचा गुन्हेगार!"

डबा बंद केला. प्रोग्राम लावला. चाळीस मिनिटं तो लोण्यासारखा चालला. फेहोकोने तोवर तीन कप चहा आणि नारळाच्या वड्या संपवल्या.

"मला घाबरतं ते," तो म्हणाला. "माझ्या बायकोचं शिलाई मशीनही असंच करतं. मी घरात असलो की गुणी बाळ."

तो गेला. आत्याने उठून चटई पुन्हा लपेटली, "वाऱ्यावर राहू नये बिचारं." नऊ मिनिटांत खिडकी पांढरी.

फेहोको गेल्याचं त्याला कळलं, दुसरं काय. गणिताच्या मास्तराने असं लिहू नये. पण मी लिहितो, कारण वही माझी आहे.

शनिवार, १६ मार्च

आतापर्यंतची आकडेवारी: अकरा, दहा, नऊ, बारा, अकरा, एकशे दहा (वीज), आठ, एकोणपन्नास (फेहोको), मग सलग दहाच्या आसपास. बेचाळीस वर्षं मी मुलांना सांगत आलो की आकडे खोटं बोलत नाहीत, बघणारा आंधळा असतो. बघतो आहे, दिसत काही नाही. आज सबंध दिवस पाऊस, चटया उन्हात नाहीत, फेहोको नाही, आणि सहाही वेळा बाराच्या आत बंद.

लोसालिने म्हणाली, "सोडा आता. आत्यांना त्यांचीच ओळ सगळ्यांनी मिळून गाऊन दाखवा. त्या समजून घेतील."

मी तिच्यावर चिडलो. चूक माझी होती. चिडलो कारण मलाही क्षणभर तेच वाटलं होतं.

इथे खरं लिहितो, कुठेतरी लिहायला हवंच. गाणं रेकॉर्ड केलं त्या दिवशी मी तिसऱ्या ओळीत चुकलो होतो. सहाच्या जागी सात लावला, आणि बाबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "मास्तर, आकडे शाळेतच राहिले वाटतं." मी पुन्हा मंडळात गेलो नाही. ते गेले तोवर गेलो नाही. कॅसेट स्वच्छ झाली तर ते वाक्यही स्वच्छ होणार. तेरा दिवस उरलेत आणि मी यंत्राला दोष देतो आहे. कधी कधी वाटतं, माझ्या मनातलं त्याला कळतं आणि म्हणून ते बंद पडतं.

सोमवार, १८ मार्च

आत्याची रोजची तपासणी आता सोसवत नाही. संध्याकाळी पाचला येते, पाय सुजलेत तरी काठी टेकत येते. खुर्ची ओढते. "लाव," म्हणते. मी लावतो. धुलाई सुरू झाली की पहिले नऊ सेकंद धुऊन प्रोग्राम नमुना म्हणून ऐकवतो. त्यात पाऊस नाही, काही नाही, फक्त बाबा गुणगुणून पहिला सूर देतात, तीन. नुसता 'म्‌म्‌'. मग यंत्र कामाला लागतं, आणि दहा मिनिटांनी बंद.

"परत लाव," आत्या म्हणते.

"आत्या, परत लावून काय होणार? तिथेच बंद पडतंय."

"मी बंद पडायचं बघायला येत नाही. लाव तू."

आज चारदा लावायला लावलं. दर वेळी ते नऊ सेकंद झाले की डोळे मिटून बसते, दहा मिनिटं संपली की पुन्हा 'लाव'. माझी परीक्षा घेते आहे, मला जमत नाही हे मला दाखवून द्यायला. आमच्या घराण्याचं सरकार आहे ते, त्याला कोण काय बोलणार.

मंगळवार, १९ मार्च

सापडलं. लिहिताना लाज वाटते.

संध्याकाळी हेइलालाने चित्रफोन लावला. आत्या नेहमीच्या खुर्चीत होती. हेइलाला मला प्रश्नावर प्रश्न विचारत होती, मी वहीतले आकडे वाचून दाखवत होतो. शेवटी ती म्हणाली, "पप्पा, फोन कम्प्युटरकडे फिरवा. मला नुसतं बघू द्या."

फिरवला. ती पडद्याला नाक लावून बघायला लागली.

"पप्पा," ती हळू आवाजात म्हणाली, "ते चटईत काय आहे?"

"कम्प्युटर."

"कधीपासून?"

"पाच तारखेपासून. तुझ्या आजोबांची आहे ती, अंत्यविधीतली…"

"एक मिनिट. बाहेर ओट्यावर या. एकटे."

ओट्यावर गेलो. मुलगी हसत होती, मग हसताहसता रडायला लागली, मग पुन्हा हसली. "पप्पा, त्याला श्वास घ्यायला जागा नाही! हा प्रोग्राम फार मेहनत करतो, यंत्र तापतं, आतला पंखा गरम हवा बाहेर टाकतो, आणि तुम्ही त्याला मार्च महिन्यात पांघरुणात गुंडाळलंय. ते बेशुद्ध पडतंय हो!"

शनिवारी चटई उन्हात होती. फेहोको आला तेव्हा आत्याच्या मांडीवर होती. पहिल्या दिवशी ती आलीच नव्हती. माझ्याच अक्षरात सगळं लिहिलेलं आहे. वर हात ठेवून ऊब बघितली आणि बरं वाटलं म्हणून लिहिलं!

लोसालिनेला सांगितलं. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," म्हणाली. कारण कळलं ते कळलं, पण चटई काढायची कोणी?

बुधवार, २० मार्च

भावाच्या मुलाने आत्याने घातलेली वस्तू काढायची, हे आमच्यात होत नाही. तिचा शब्द खाली पडत नाही, तिने ठेवलेलं जिथल्या तिथे राहतं. आणि ही चटई तर बाबांच्या देहावर पांघरलेली. तिला 'हे काढा' म्हणणं म्हणजे भावाला उघडा करा म्हणणं, आणि तिच्यामुळेच पंधरा दिवस वाया गेले हेही सांगणं. नऊ दिवसांनी जाणाऱ्या बाईला.

फेहोकोकडे गेलो. म्हटलं, तूच सांग, तू कारागीर आहेस, तुला ती रागावणार नाही.

"समुद्राच्या तळाशी इंजिन पडलं तर बुडी मारून काढीन," तो म्हणाला. "तोआकासेबाईंच्या चटईला बोट लावणार नाही. माझी आई तिच्या गावची आहे."

पाद्रीसाहेबांकडे गेलो. त्यांनी फार सहानुभूतीने ऐकलं, प्रार्थना करतो म्हणाले. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला त्यांनी देवाला पुढे केलं.

चोरून काढावी असंही मनात आलं. दिवसा ती घरी असते, अडीच तासांचं काम. काढायची, धुवायचं, पुन्हा तशीच गुंडाळायची. दुपारी एक टोक सोडवलंही. तिने बांधलेली गाठ होती, नारळाच्या काथ्याची, लहानपणी ती माझ्या टिफिनला मारायची तशीच. पुन्हा बांधून ठेवली.

गुरुवार, २१ मार्च

आज पाचला आत्या आली, खुर्ची ओढली, 'लाव' म्हणाली. मी लावलं नाही. जमिनीवर तिच्या पायांशी बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. यंत्र गरम होतं, हवा लागत नाही, त्यामुळे बंद पडतं, चूक माझी, मला आधीच कळायला हवं होतं.

तिने काठी जवळ ओढली. मला वाटलं उठून जाते आता.

"गरम होतंय त्याला?" म्हणाली.

"हो, आत्या."

"आणि हे तुला कधी कळलं?"

"परवा."

"मग दोन दिवस त्याला तसाच उकडत ठेवलास? माझ्या भीतीने?" काठी माझ्या खांद्याला टोचली. "शिकलेला गाढव!"

मग ती उठली. स्वतः गाठ सोडवली, चटई काढून घडी केली आणि लोसालिनेच्या हातात दिली. मी बटण दाबलं. ते नऊ सेकंद झाले. तिने कमरेचा विणलेला पंखा काढला आणि खुर्ची डब्याच्या मागे नेऊन वारा घालायला लागली.

"आत्या, आता गरज नाही त्याची. चटई निघाली की झालं."

"तू गप्प बस."

वारा घालता घालताच तिने सांगितलं. माझ्याकडे न बघता, डब्याला सांगावं तसं. बाबा शेवटचे तीन आठवडे आजारी होते तेव्हाही मार्चच होता. ते 'उकडतंय, उकडतंय' म्हणायचे. भावाच्या खोलीत बहिणीने जायचं नाही, तो आजारी असला तरी, हे तर मलाही ठाऊक. ती रोज दाराबाहेर ओट्यावर बसायची. आतून त्यांचा आवाज यायचा. पंखा तिच्या हातात असायचा.

"तुझी आई घालत होती वारा," ती म्हणाली. "चांगली घालत होती. पण मला हळू वाटायचा."

ही बाई रोज भावाचा आवाज ऐकायला यायची, आणि ती माझी परीक्षा घ्यायला येते असं मी या वहीत लिहिलं आहे. ते खोडणार नाही. राहू दे, मला पुन्हा वाचायला लागलं पाहिजे.

तिचा हात दुखला की लोसालिने घ्यायला जायची, ती देत नव्हती. दोन तास एकतीस मिनिटं. एकदाही थांबलं नाही. पावणेआठला शंभर झाले.

मग ऐकलं. बाबांचा 'तीन'. त्याच्यामागे जवळजवळ दोन मिनिटं आम्ही नुसता पाऊस समजत होतो. तो आता नव्हता. बाकं सरकत होती, कोणीतरी खोकलं. एक बाई बाबांना म्हणाली, "सुरू करा ना, अंधार पडेल." आणि बाबांचा आवाज, अगदी या खोलीत असल्यासारखा:

"थांबा. माझी बहीण आलेली नाही. ती आल्याशिवाय सुरू करायचं नाही."

पुढे बराच वेळ टेपवर शांतता होती. मग दार वाजलं, ओल्या पायांचा आवाज, आणि पुन्हा 'तीन'.

आत्याने पंखा मांडीवर ठेवला. "त्या दिवशी डुक्कर सुटलं होतं," म्हणाली. "मी पळत गेले. सगळे उभे होते. मला वाटलं, नुकतेच उभे राहिलेत. आयुष्यभर वाटलं, बरं झालं, कोणाला कळलं नाही." ती हसत होती आणि रडत होती. "मला कधी बोलला नाही हा. एक शब्द नाही."

भावाने बहिणीला असं तोंडावर बोलायचं नसतं. त्यामुळे तिला ते कळायला कॅसेट लागली.

तिसऱ्या ओळीत माझा सात लागला. बाबांचं वाक्यही आलं, 'आकडे शाळेतच राहिले वाटतं.' छत्तीस वर्षं मी ते जसं ऐकत होतो तसं ते नव्हतंच. ते हसत म्हणाले होते. चाळीस माणसं हसली, आणि त्यांत सगळ्यांत मोठ्याने एक अठ्ठावीस वर्षांचा मुलगा हसला. तो मी होतो.

सोमवार, २५ मार्च

चारही ओळींचे आकडे फळ्यावर चढले. पंचवीस जण आले, फेहोकोसुद्धा, पालीच्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून खालच्या पट्टीत उभा आहे. खालची ओळ कठीण आहे, नऊवरून एकदम तीनवर येते. तरी होईल. मी तिसऱ्या ओळीतला सहा तीनदा अधोरेखित केला, तेव्हा मागून लोसालिने म्हणाली, "हा कोणासाठी?"

शुक्रवार, २९ मार्च

विमान साडेदहाला गेलं.

काल संध्याकाळी चर्चमध्ये सगळे पाचला जमले. पाऊस नव्हता. पाद्रीसाहेबांनी प्रार्थना सांगितली. सव्वापाच झाले, आत्या नाही. गाडी तिला आणायला गेली होती. पायांवरची सूज वाढल्यामुळे नेसायला वेळ लागतोय, असा निरोप आला. साडेपाचला पाद्रीसाहेब माझ्या कानाशी आले. "सायमोने, लोकांची जेवणं आहेत. पहिलं कडवं म्हणून घ्या, तोवर त्या येतील."

मी मंडळापुढे हात वर करून उभा होतो. सूर देऊन झाला होता. पंचवीस माणसं माझ्या हाताकडे बघत होती.

मी हात खाली घेतला.

"थांबा," मी म्हणालो. "माझी आत्या आलेली नाही. ती आल्याशिवाय सुरू करायचं नाही."

कोणी हललं नाही. फेहोको खाली बघत होता. मग दार वाजलं. ती फेहोकोच्या आईचा हात धरून आली, मानाच्या प्रसंगी आमच्यात बांधतात तशी कमरेला बाबांची चटई बांधून. दारातच थांबली आणि आम्हां सगळ्यांना उभं असलेलं बघितलं. या वेळी आम्ही किती वेळ उभे आहोत ते तिला कळलं.

मी पुन्हा 'तीन' दिला.

आज विमानतळावर निरोप घेताना म्हणाली, "चटई मी नेतेय. त्याला तिकडे थंडी वाजेल." मी विचारलं नाही, कोणाला. "पंखा तुझ्याकडे ठेवलाय."

घरी आलो तेव्हा तो डब्यामागच्या खिळ्याला लटकवलेला होता. दुपारी उकडत होतं. मी कम्प्युटर लावला, कॅसेट पहिल्यापासून सुरू केली आणि थोडा वेळ वारा घातला.